जुईसाठी घेतलेली तीन कोटेशनं

भाताच्या लोंबीत दूध भरलं की आमच्याकडे डबे वाजायला लागतात. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, हातात बांबूचा तुकडा, आणि बांधावर उभं राहून जीव खाऊन बडवणारा कुणीतरी म्हातारा. पाखरांचा थवा उठतो आणि शेजारच्या खाचरात उतरतो, मग शेजारच्याचा डबा सुरू. दिवसभर गावभर ही ढकलाढकली चालते. यंदाही परवापासून चालू झालीय. मी साजगावला कारखान्यात निघालो होतो, मोटरसायकलला किक मारणार तोच खालच्या अंगाला पहिला डबा वाजला आणि माझा पाय किकवरच राहिला. तीन वर्षं झाली, पण हा आवाज आला की मी आधी मुलीकडे बघतो. ती शाळेत गेलेली असली तरी तिच्या रिकाम्या खाटेकडे बघतो.

त्या हंगामात, भाद्रपद सरल्यापासून दिवाळी उलटेपर्यंत, आमच्या घरात एकच प्रश्न होता: जुईला ऐकू येतं का?

'आमच्या घरात' म्हणतोय ती थाप आहे. प्रश्न सुप्रियाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मनात होता. माझ्या मनात त्या वेळी दुसरंच काही चाललं होतं. दहा महिन्यांच्या मुलीला कुठल्या क्लासला घालावं, या विवंचनेत मी होतो.

चौकच्या नाक्यावर तेव्हा एक मोठा फलक लागला होता. डोळ्यांवर मोठ्ठा चष्मा, पुढ्यात जाड पुस्तक, आणि अंगात फक्त लंगोट, असं एक बाळ त्यावर बसलेलं. खाली लिहिलेलं, 'आज नाही, तर कधीच नाही.' रोज सकाळी टपरीवर चहा घेताना ते बाळ माझ्याकडे चष्म्यावरून बघायचं. आमच्या शाळेच्या ग्रुपवर पनवेलचा एक मित्र त्याच्या मुलाचे क्लासमधले फोटो टाकायचा. त्याचा मुलगा रंगीत बोगद्यातून रांगतोय, आमची जुई पेंढ्यावरून. मला वाटायचं, या दोघांमधलं अंतर आतापासूनच वाढतंय आणि मी चहा पितोय.

मी कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आमच्याकडे नटबोल्टची पेटी घ्यायची झाली तरी तीन ठिकाणची कोटेशनं मागवतात, तक्ता करतात, साहेबांची सही होते आणि मग पेटी येते. वीस वर्षांत हे इतकं अंगात भिनलंय की लग्नासाठी मुली बघतानासुद्धा मी तिसरं स्थळ बघेपर्यंत थांबलो होतो, असं सुप्रिया चारचौघांत सांगते. (दुसरं स्थळ ती होती. तिसऱ्याकडे जाऊन आलो हे तिला कुणी सांगितलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.) तर जुईसाठीही मी तीन कोटेशनं घेतली. वहीत तक्ता आखला. ठिकाण, अंतर, दर, सवलत, शेरा.

पहिलं कोटेशन खालापूरच्या बाजूच्या एका रिसॉर्टचं. तिथं बाळांना पोहायला शिकवत. दर ऐकल्यावर पाणी माझ्याच नाकातोंडात गेलं. शेरा: 'पावसाळ्यात ओढा फुकट आहे.' दुसरं मोबाईलवरचं. रोज इंग्रजी चित्रांची कार्डं येणार, ती मुलीच्या डोळ्यांपुढे भराभर नाचवायची. दर परवडणारा होता, पण आमच्या घरी रेंज मिळते ती फक्त गोठ्याच्या मागे, उकिरड्याजवळ. मुलीच्या मेंदूचा विकास उकिरड्यावर उभं राहून करावा लागला असता. तिसरं कोटेशन कर्जतच्या एका नव्या कॉम्प्लेक्समधल्या वर्गाचं. दर रविवारी सकाळी दहा वाजता, मुंबईहून येणाऱ्या मॅडम, विषय 'संगीत आणि ताल', पहिला दिवस मोफत. मी खाली दोन रेघा ओढल्या.

चौथी जागा होती. आमच्या घरापासून दोनशे पावलांवर, बुद्धविहाराला लागून, अंगणवाडी. तिथल्या मंगलताईंनी निम्म्या गावाला वजनकाट्यावर टांगलेलं आहे. पण ती तक्त्यात आली नाही, कारण फुकट मालाला कोटेशन नसतं. आणि खरं कारण सांगतो, मला लाज वाटायची. मी पर्मनंट माणूस. माझी मुलगी ताटली घेऊन खिचडीच्या रांगेत? सुप्रियाला मी सांगून ठेवलं होतं, "वजनापुरतं जा, बसू नकोस."

आमच्या आबांनी, माझ्या वडिलांनी, तो तक्ता बघितला. वाचला नाही, रेघा बघितल्या.

"काय रं, ह्यो कसला हिशोब?"

"जुईच्या क्लासचा."

"क्लास? आरं तिला अजून उभं ऱ्हाताना तोल सांभाळवत नाय, आन् तू क्लासला घालतोस? काय शिकवतात थितं?"

"ताल."

"मंग हितं काय कमी हाय? म्हशीच्या गळ्यात घंटा हाय, चुलीव झाकण वाजतंय, वर तुझी आय हाय."

"आबा, त्यामागं शास्त्र असतं."

"शास्त्र हाय तर घाल बाबा," आबा म्हणाले, "आमी तुला नुसतं खाचरात सोडला व्हता. दिसतंय ना त्याचं काय झालं ते."

*

तो वर्ग मला अजून वासासकट आठवतो. थंडगार खोली, खाली निळी-पिवळी रबरी चटई, तिला नव्या चपलेसारखा वास. दाराबाहेर आमच्या चपला, आणि त्यांतल्या माझ्या चपलेला चिखल. आत सात-आठ बाळं आणि त्यांचे सुगंधी आईबाप. बहुतेकांची तिथं शनिवार-रविवारपुरती घरं. मॅडम भल्या होत्या. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष नाही. त्यांनी मला "दादा, खाली बसा ना" म्हटलं आणि मी बसलो तर माझी पँट गुडघ्यावर उसवली. मी संपूर्ण तास एक हात गुडघ्यावर ठेवून ताल धरला.

त्यांच्याकडे एक मोठा ढोल होता. मॅडम गाणं म्हणत म्हणत बाळांच्या मागे गेल्या आणि एकाएकी धडाम्. सात बाळं दचकली. दोन रडली. एकानं आपल्या बापाचा चष्मा ओढून फेकला. आणि माझी जुई? ती हातातल्या लाल चेंडूकडे बघत बसली होती. पुन्हा धडाम्. चेंडू.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "ही किती फोकस्ड आहे!"

माझी छाती इतकी फुगली की गुडघ्यावरचा हात निघाला. सगळ्या मुंबईकरांच्या मुलांना रडायला लावणारा ढोल, आणि आमची पोर ढिम्म! त्याच दिवशी मी तीन महिन्यांची फी भरली. दिवाळीचा बोनस यायचा होता, तो आल्यासारखा धरून भरली. परतताना भिवपुरीच्या बाजूच्या डोंगरांवर ऊन होतं, दोन्हीकडे भात पोपटी झालेलं, आणि मागे सुप्रिया जुईला ओढणीनं घट्ट बांधून बसलेली. मी वारा तोंडावर घेत, मान मागे वळवून ओरडत होतो, "फोकस्ड! ऐकलंस ना? फोकस्ड!"

सुप्रिया काही बोलली नाही. मला वाटलं, वाऱ्यामुळे.

*

आता मागे वळून बघताना एकेक गोष्ट दिसते. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या टेंपोशेजारी जुई आजीच्या खांद्यावर गाढ झोपली होती आणि सगळ्या आळीनं कौतुक केलं होतं. कुकरच्या शिट्टीनं शेजारचं मांजर पळायचं, जुई नाही. डबा वाजायचा त्या बांधाजवळच, जांभळाच्या झाडाला तिची झोळी बांधलेली असायची. आबा दिवसभर बडवायचे, ती दिवसभर झोपायची, आणि आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "शेतकऱ्याची नात हाय. आवाजाला भीत नाय." आमच्यासारख्या घरातच ही चूक होऊ शकते. शांत घरातल्या माणसांना पोर आवाजानं उठत नाही हे दुसऱ्या दिवशी कळलं असतं. आमच्याकडे गोंगाटात झोपणारं पोर म्हणजे शहाणं पोर.

आणि ती फसवायचीही. दार उघडलं की उजेड पडायचा, ती वळायची. लाकडी पलंगावर कुणी बसलं की तिला हादरा कळायचा, ती वळायची. मी समोर येऊन तोंड वेडंवाकडं केलं की खदखदून हसायची, आणि मी समोर येऊन तोंड वेडंवाकडं केल्याशिवाय तिच्याशी कधी बोलतच नसे.

सुप्रिया मात्र तिच्यासोबत सगळा दिवस असायची. सासू-सासरे शेतात, नवरा साजगावला. आधी ती चौकमधल्या औषधांच्या दुकानात काम करायची. बाळंतपणानंतर ते सुटलं. घरात दोघीच. एका संध्याकाळी मी हातपाय धुऊन चहाला बसलो तेव्हा ती म्हणाली,

"अहो, मी आज मागून हाक मारली हिला. तीनदा. बघितलं नाही तिनं."

"मी तरी कुठं तुझ्या पहिल्या तीन हाकांना बघतो? बापावर गेलीय."

ती हसली. माझ्या विनोदांना हसायची तिला सवय होती. आठवड्यानं पुन्हा म्हणाली, "आधी 'बाबाबा' करायची, ते कमी झालंय हल्ली." मी म्हणालो, "बाबा कामाला जातो हे कळलं असेल, उगाच कशाला हाका मारायच्या?" या वेळी ती तोंडातल्या तोंडात हसली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती झेंडूची फुलं ओवत होती. सुई थांबवून म्हणाली, "आपण एकदा कानांच्या डॉक्टरांकडे जाऊया का?" मी काय म्हणालो ते लिहायला नको वाटतं, पण लिहितो. मी म्हणालो, "जाऊया. आधी तुझे तपासून घेऊ, तुला फार आवाज येतात."

ती हसली नाही. सुई फुलात गेली, दोरा ओढला गेला. त्यानंतर तिनं मला त्याबद्दल काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. घरात झेंडूचा कडू वास होता आणि मी मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होतो.

माझं बोलणं ऐकायला लोक थांबतात. टपरीवर, स्टोअरमध्ये, लग्नात जेवणाच्या पंगतीत. माणसाला अशी सवय लागली की तो कुठलीही गोष्ट ऐकता ऐकताच तिचा विनोद करायला घेतो, ती पुरी होऊ देत नाही. मी माझ्या फजितीच्या शंभर गोष्टी सांगतो, आणि ही मात्र आतापर्यंत सांगितली ती उसवलेल्या पँटीपर्यंत. तिथं सगळे हसतात आणि मी थांबतो.

*

सुप्रिया अंगणवाडीत जाऊन बसायला लागली होती. मला न सांगता. घरात भिंती खायला उठायच्या, तिथं निदान चार बायका भेटायच्या. कुणाच्या पोराला दात, कुणाच्या पोराला जुलाब, कुणाची सासू. मंगलताई मुलांना गोल बसवून गाणं म्हणायच्या, टाळ्या वाजवायच्या. त्याला त्या क्लास म्हणत नव्हत्या. आणि तिथंच दहा-बारा दिवस बघून बघून मंगलताईंच्या लक्षात आलं, की टाळी समोर वाजली तर जुई टाळी वाजवते, आणि मागे वाजली तर वाजवत नाही.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी आम्ही सगळे शेतात होतो. क्लासहून आलो, जेवलो आणि तसेच बांधावर गेलो. भात पिवळं पडायला लागलेलं, उन्हात तापलेल्या पात्याचा तो कोरडा, गोडसर वास. आबा डबा बडवत होते. आई बांधावरचं गवत कापत होती. झोळीत जुई झोपलेली. मंगलताई आल्या, पदरानं घाम पुसला, सुप्रियाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"दादा, एक सांगू? रागवू नका."

"रागवायचं काय त्यात, ताई? खिचडी संपली का?" मी म्हणालो.

मंगलताई हसल्या नाहीत. त्या आबांकडे गेल्या. "आबा, डबा द्या जरा."

"पाखरं राखताव का काय आता?" आबांनी डबा दिला.

मंगलताई डबा घेऊन झोळीच्या मागे गेल्या. डबा झोळीपासून हातभर अंतरावर धरला. आबांना म्हणाल्या, "झोळीला हात लावू नका कुणी. झाडाला पण नको." मग त्यांनी मारलं. एकदा. खाचरातून पाखरांचा सगळा थवा उठला. दुसऱ्यांदा. पलीकडच्या बांधावरचं कुत्रं उठून भुंकायला लागलं. तिसऱ्यांदा त्यांनी इतक्या जोरात मारलं की बांबू हातातून उडाला.

झोळी हलली नाही. जुईचा एक हात कापडाच्या बाहेर आला होता, तो तसाच उघडा होता. बोटं सैल.

पाखरं वर फिरत होती, त्यांच्या सावल्या भातावरून सरकत होत्या. आईच्या हातात विळा तसाच. मी सुप्रियाकडे बघितलं. तिला धक्का बसला नव्हता. तिचा चेहरा, आपण सांगत होतो ते शेवटी कुणीतरी बघितलं अशा माणसाचा असतो तसा होता, आणि मग ती बांधावर बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. मला तिच्याजवळ जायचं होतं. पण मी डोक्यात एखादं हलकंफुलकं वाक्य शोधत उभा होतो. खरंच शोधत होतो. मिळालं नाही, हे माझं नशीब.

"पोरगी हुशार हाय," मंगलताई म्हणाल्या, "नजर लय तेज हाय तिची. म्हणून कळलं नाय तुमाला. पण आता थांबू नका, दादा. वय हेच हाय."

आबांनी बांबू उचलला, डब्यात टाकला आणि डबा घेऊन घरी गेले. त्या वर्षी त्यांनी पुन्हा डबा वाजवला नाही. कोपऱ्यातलं भात पाखरांनी खाल्लं. आईनं एकदाच म्हटलं, "अवं, खातायत ती," तर म्हणाले, "खाऊ दे."

*

तपासणीची तारीख मिळाली ती दिवाळीनंतरची. मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयातली. मधले एकोणीस दिवस मी जन्मात विसरणार नाही. त्या दिवसांत मी घरातलं एकूण एक भांडं जुईच्या मागे आपटलं. पातेलं पडलं आणि ती वळली, की मी ओरडायचो, "वळली! सुप्रिया, वळली!" मग सुप्रिया शांतपणे म्हणायची, "तुमची सावली पडली पुढे." मी सावली पडणार नाही असा उभा राहायचो. मग जमिनीला हादरा बसेल म्हणून गादीवर उभा राहायचो. मग वारा लागेल म्हणून श्वास धरायचो. सदतीस वर्षांचा माणूस, दम कोंडून, गादीवर एका पायावर, हातात झारा. शेजारच्या वहिनी डोकावून गेल्या आणि बाहेर जाऊन म्हणाल्या म्हणे, "भावोजींचं काय खरं नाय."

दिवाळीत लोक फटाके उडवतात, मी मुलीचा चेहरा बघत होतो. सुतळी बाँबला पापणी हलली का? हलली. आवाजानं की उजेडानं? डोळे झाकून बघू का? झाकले तर ती रडली. रडली ते बाँबला की बापाला?

मधल्या रविवारी मी क्लासला गेलो. भरलेली फी होती, आणि शिवाय मला अजून एकदा बघायचं होतं. त्याच निळ्या चटईवर, तोच ढोल. धडाम् झालं आणि या वेळी मी जुईचे डोळे बघितले. ती चेंडू बघत नव्हती. ती समोरच्या बाळाकडे बघत होती, त्याचं तोंड रडायला कसं वाकडं होतंय ते. मग पुढच्या बाळाकडे. हे सगळे अचानक का रडतात, हे तिला कळत नव्हतं आणि ती ते समजून घ्यायचा प्रयत्न करत होती. वर्ग संपल्यावर मी मॅडमना सांगितलं. त्या एकदम खाली बसल्या. "मी फोकस्ड म्हटलं तिला," एवढंच म्हणाल्या. मला त्यांचं वाईट वाटलं. त्यांना आठवड्यातून तासभर ती दिसायची. मला रोज दिसायची.

*

तपासणी बाळ झोपेत असतानाच होते. कपाळाला, कानामागे तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोहोचतं ते यंत्र रेघांनी दाखवतं. म्हणून बाळाला पहाटेपासून जागं ठेवून आणा, असं सांगितलं होतं. आणलं. जी मुलगी डीजेशेजारी झोपली, ढोलाशेजारी ढिम्म बसली, जिनं डब्याखाली अख्खी दुपार काढली, ती मुलगी त्या गार, शांत, अंधाऱ्या खोलीत टक्क जागी. तारांशी खेळतेय. तपासणाऱ्या बाई घड्याळ बघताहेत. बाहेर वीसेक जण रांगेत. "झोपली नाही तर पुढची तारीख घ्यावी लागेल," बाई म्हणाल्या. पुढची तारीख म्हणजे दीड महिना.

मी तिला खांद्यावर घेतलं. येरझाऱ्या घातल्या. अंगाई म्हणायला लागलो आणि मधेच लक्षात आलं आपण काय करतोय ते, आणि अंगाई तिथंच सोडली. सुप्रियानं तिला माझ्याकडून घेतलं. छातीशी घट्ट धरलं, हनुवटी तिच्या टाळूवर टेकवली आणि गुणगुणायला लागली. गाणं असं नव्हतं, नुसता घुमारा. जुईचा गाल तिच्या गळ्याला चिकटलेला. त्या थरथरीवर ती हळूहळू पेंगली. रोज अशीच झोपवायची ती तिला. मला हे माहीत नव्हतं.

अर्धा तास रेघा चालल्या. बाईंनी कागद पुढे ओढला.

"उजव्या कानानं जवळजवळ नाही. डाव्यात थोडं आहे. मशीन लावलं तर बोलणं पोहोचेल. पण नुसतं मशीन लावून काम होत नाही, रोज शिकवावं लागेल. तुम्ही दोघांनी."

मी ऐकत होतो, तरी 'थोडं' या एकाच शब्दापाशी अडकलो होतो. सुप्रिया म्हणाली,

"म्हणजे मला भास होत नव्हते ना?"

बाईंना प्रश्न कळला नाही. मला कळला. "नव्हते," मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि जुईच्या कपाळावरचा डिंक ओल्या रुमालानं पुसायला लागली.

*

त्यानंतर जो क्लास मिळाला तो आमचा, आईबापांचा होता. त्याच रुग्णालयात, दर मंगळवारी, मोफत. खोलीला पोपडे, खाली सतरंजी, पंखा कण्हत फिरणारा. पाच-सहा घरं, सगळी लांबून आलेली. तिथं शिकवणाऱ्या बाईंचा नियम: मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर या आणि मग बोला. म्हणजे मी सतरंजीवर पालथा. बाईंनी पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "बाबा, पाण्याबद्दल बोला तिच्याशी. दहा मिनिटं."

टपरीवर तासभर बोलणारा मी. "पाणी," म्हणालो. मग? "पाणी हे... आपल्याला फार..."

"भाषण नको," बाई म्हणाल्या. "पाणी गार आहे का? सांडलं का? बोट बुडवा."

ऐकणारा हसेल, दाद देईल, अशा अपेक्षेनं मी आयुष्यभर बोललो होतो. समोर एक वर्षाची मुलगी, कानामागे शेंगदाण्याएवढं यंत्र, माझ्या ओठांकडे एकटक बघतेय, आणि तिला दाद वगैरे काही द्यायची नाही. तिला फक्त पाणी म्हणजे काय ते हवंय. सुप्रिया बाजूनं सरकली. "गाऽर! गार पाणी. जुईचा हात गार. बाबांचं नाक गार," आणि माझ्या नाकाला ओलं बोट लावलं. जुई हसली. मग मीही म्हणालो, "गार." शंभरदा म्हणालो असेन.

व्हरांड्यात सगळे डबे उघडून जेवायचे. तिथं पेणच्या एका बाईनं दाखवलं की यंत्राला दोरा बांधून टोक फ्रॉकला पिनेनं अडकवायचं, नाहीतर पोरं ते बादलीत टाकतात. कुणी सांगितलं, कानात घालायचा तुकडा मुलगी वाढली की सैल होतो, वाट बघत बसू नका. कुणी काही सांगितलं नाही, नुसतं लोणचं पुढे केलं. उरलेले सहा दिवस मंगलताई. त्यांनी बाईंकडून काय काय करायचं ते लिहून मागवलं आणि अंगणवाडीतल्या सगळ्याच पोरांना डोळ्यांच्या उंचीवर बसून 'गार' शिकवलं. मी सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन बसतो. खिचडीही खातो. चांगली असते.

आता गावातली नवी पोरं, नवे बाप, मला विचारतात, "दादा, तुमी लय क्लास बघितले, कुठं घालू?" मी त्यांना म्हणतो, पैसे खिशात ठेवून आधी एकदा नुसतं जाऊन बसा. तुमच्या पोराच्या तोंडाकडे कोण बघतंय ते बघा. आणि तुम्हाला न आवडणारं काही सांगायची वेळ आली तर सांगेल असं तिथं कुणी आहे का, तेही. एवढं बोलून मला खरं तर थांबायला हवं. मी पुढे अर्धा तास बोलतो.

परवा संध्याकाळी ओट्यावर तेच झालं. शेजारचा एक नवा बाप, त्याची बायको, आबा, सुप्रिया, सगळे बसलेले. मी तक्त्यापासून सुरुवात केली होती. रिसॉर्टचं पाणी झालं, उकिरड्यावरची रेंज झाली, पँट गुडघ्यावर उसवली, लोक हसले, मला जोर चढला. जुई माझ्या मांडीवर होती. आता चार वर्षांची होईल. बराच वेळ तिनं ऐकलं. मग माझ्या हनुवटीला धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि स्वच्छ शब्दांत म्हणाली,

"बाबा, लय बोलतो."

सगळे हसले. मी म्हणालो, "अगं थांब, पुढची गंमत राहिलीय." तर तिनं शांतपणे कानामागे हात नेला, यंत्र काढलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं एकेक करून मिटली. मग सुप्रियाच्या कुशीत जाऊन, तिच्या गळ्याला गाल लावून बसली.

ही यंत्रं चालू असताना मुठीत धरली की बारीक शिट्टी घालतात. माझ्या मुठीतून ती येत राहिली. नवा बाप म्हणाला, "मंग पुढं काय झालं, दादा?"

मी सुप्रियाकडे बघितलं. "तू सांग," म्हणालो.